शिवारातले डायनोसॉर

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘मुलांच्या हातातलं पुस्तक’ हा विषय कळवला, तेव्हा मी लगेच डायनोसॉर मागून घेतले. बालसाहित्यावर बोलताना आपण गोष्टी आणि कवितांवर भरभरून बोलतो. माहितीच्या पुस्तकांची पाळी क्वचित येते. पण सात-आठ वर्षांचं मूल ज्या पुस्तकासाठी दुकानात हटून बसतं, ते पुष्कळदा डायनोसॉरचं असतं. वाचताना साध्या जोडाक्षराला अडखळणारी पोरं ‘पॅकीसेफॅलोसॉरस’ एका दमात म्हणून दाखवतात. मुलांना ज्या विषयाची एवढी ओढ आहे, त्याची पुस्तकं आपण कशी करतो हे मला पाहायचं होतं.

त्यासाठी पुण्या-मुंबईच्या ग्रंथप्रदर्शनांत न फिरता मी माळव्यात गेलो. धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. तिथं मराठी घरं जवळपास तीनशे वर्षं नांदताहेत. धार जिल्ह्याच्या जमिनीत डायनोसॉरची अंडी आहेत. आणि मुलांना विज्ञान कसं शिकवावं याचा देशातला एक मोठा प्रयोग देवासच्या शाळांनी अनुभवला आहे. जमीन एका ठिकाणी आणि शिकवण्याची रीत दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींच्या मधे एक पुस्तक असायला हवं होतं.

धारमधलं एक घर

धारमध्ये ज्या कुटुंबाकडे मी उतरलो होतो, तिथला नातू चौथीत शिकतो. घरात मराठी, गल्लीत माळवी, शाळेत हिंदी आणि इंग्रजी. मी डायनोसॉरवर लिहितोय म्हटल्यावर तो आतून एक जाडजूड रंगीत पुस्तक घेऊन आला. कोपरे दुमडलेले, एक पान चिकटपट्टीनं जोडलेलं. पुस्तक किती वाचलं गेलंय ते दिसतच होतं. टायरॅनोसॉरस अमेरिकेतला, व्हेलोसिरॅप्टर मंगोलियातला, अर्जेंटिनोसॉरस नावाप्रमाणे अर्जेंटिनाचा. त्यानं वजनं सांगितली, लांबी सांगितली, कोण कोणाला खायचं तेही सांगितलं.

पुस्तकाच्या मधल्या जोडपानावर जगाचा नकाशा होता. कुठं कुठं जीवाश्म सापडले ते लाल ठिपक्यांनी दाखवलेलं. भारताच्या आकारात एकही ठिपका नव्हता.

मी फोनवर एक छायाचित्र काढून त्याच्यापुढं धरलं. पांढुरक्या खडकात एकमेकांना खेटून बसलेली काही गोल वर्तुळं.

“काका, हे कुठलं?”

“तुझ्याच जिल्ह्यातलं. बाघजवळचं.”

तो फोन घेऊन थेट स्वयंपाकघरात पळाला. आजी हात पुसत बाहेर आल्या. “अहो, बाघला आम्ही कितीदा गेलो असू. लेणी बघितली, छापाच्या चादरी आणल्या. हे कोणी सांगितलंच नाही की!”

त्या घराचा यात काही दोष नाही. पुस्तकानं नकाशा दाखवला, त्यांनी तो पाहिला. मुलांसाठीच्या रंगीत माहितीपुस्तकांचं अर्थकारणच असं आहे की चित्रं महाग पडतात. म्हणून ती परदेशी प्रकाशकाकडून तयार घ्यायची आणि चित्रांभोवती मोकळ्या ठेवलेल्या जागेत आपल्या भाषेतला मजकूर बसवायचा, हा सोपा मार्ग असतो. मजकुराचं भाषांतर होतं, चित्रं तीच राहतात. वाक्यं मराठी होतात, पण प्राणी, डोंगर आणि शोधणारी माणसं सगळी परकी राहतात. मराठी मूल यातून नकळत एक गोष्ट शिकतं: शोध दुसरीकडे लागतात.

काळ्या दगडाखाली काय आहे

धार आणि देवास दोन्ही गावं बेसॉल्टवर उभी आहेत. सह्याद्रीचा, आपल्या गडकोटांचा जो काळा दगड, तोच हा. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचत गेले. माळव्याची सोयाबीन पिकवणारी काळी माती या दगडाची झीज होऊनच तयार झाली आहे. लाव्ह्यानं त्याआधीचं सगळं झाकून टाकलं. त्यामुळे महाराष्ट्राच्या बऱ्याचशा भागात डायनोसॉर शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही.

पण नर्मदेच्या खोऱ्यात हे झाकण फाटलं आहे. धारहून बाघ शंभरेक किलोमीटर. वाटेत पठार उतरू लागतं, ताडाची आणि मोहाची झाडं वाढतात, आणि रस्त्याकडेच्या कापलेल्या दरडींचा रंग बदलतो. काळा दगड वर, डोंगरमाथ्यावर राहतो. खाली पिवळट, पांढरट, लालसर थर उघडे पडतात.

बाघची प्रसिद्ध बौद्ध लेणी ज्या वालुकाश्मात खोदली आहेत, तो या थरांतला खालचा. त्याच्यावर चुनखडक. या चुनखडकात शिंपले आहेत, समुद्री साळू आहेत, गोगलगायीसारखे वेटोळ्यांचे अमोनाइट आहेत. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या आजच्या खोऱ्यातून इथवर आत आला होता. आज ज्या बांधावर मका आणि कापूस उभा आहे, तिथं दगडात रुतलेले कालव पायाला लागतात. समुद्री साळूच्या दगडी गोळ्यावर पाच पाकळ्यांची खूण स्पष्ट दिसते. एकदा ओळखली की पुन्हा चुकत नाही.

समुद्र हटल्यावर बऱ्याच काळानं जमिनीवर तळी, दलदली आणि उथळ नद्या आल्या. त्यांच्या चुनकट गाळाचा थर म्हणजे लमेटा. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून पडलं. जबलपूरलाच 1828 साली कॅप्टन स्लीमनला काही हाडं मिळाली. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेननं 1842 साली घडवला, म्हणजे भारतातली ही हाडं त्या शब्दाहून जुनी! पुढं 1877 साली रिचर्ड लायडेकरनं जबलपूरच्या हाडांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असं नाव दिलं, आणि जगभरच्या टायटॅनोसॉर या महाकाय शाकाहारी कुळाला या भारतीय प्राण्यावरूनच नाव मिळालं. अर्जेंटिनोसॉरसही याच कुळातला. धारच्या त्या मुलाच्या पुस्तकात अर्जेंटिनोसॉरसला दोन पानं होती. जबलपूरला एक ओळही नव्हती.

अंडं आणि गोटा यांतला फरक

पाडल्या हे बाघजवळचं गाव. आदिवासी वस्ती, पसरलेली शेतं, मधेच उघडे पडलेले खडकाचे सपाट तुकडे. डायनोसॉरचं अंडं म्हटल्यावर मनात गुळगुळीत, अखंड, उचलून हातात घेता येईल असं काहीतरी येतं. पुस्तकांतली चित्रं तशीच असतात. इथं जमिनीवर दिसते ती बहुधा एक गोल कड. वरचा भाग कधीच झिजून गेलेला असतो, खालचा खडकात असतो, आणि आपल्याला दिसतो तो मधला काप.

लमेटाच्या थरात साधे चुनखडीचे गोटेही भरपूर. मग अंडं कोणतं आणि गोटा कोणता? वाकून, नाक खडकाला लागेल इतकं जवळ जाऊन पाहावं लागतं. गोट्याचा रंग आतून बाहेरपर्यंत हळूहळू बदलत जातो. अंड्याला मात्र कवच असतं, एक-दोन मिलिमीटर जाडीची वेगळ्या रंगाची रेघ, आणि ती रेघ वर्तुळाच्या कडेकडेनं जात राहते. कुठं कुठं ती तुटलेली असते आणि तिचे तुकडे आत पडलेले दिसतात. कवचाचा बाहेरचा पृष्ठभाग शाबूत असेल तर बोटाला बारीक बारीक उंचवटे लागतात. पिल्लाला हवा मिळावी म्हणून कवचात छिद्रं असतात. शेवटचा निकाल सूक्ष्मदर्शकाखाली लागतो. कवचाचा पातळ काप केला की कॅल्साइटचे पंख्यासारखे पसरत गेलेले स्फटिक दिसतात. गोट्यात ते नसतात.

हर्षा धिमान, विशाल वर्मा, गुंटुपल्ली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भागातली घरटी अशी बारकाईनं तपासली. त्यांचा शोधनिबंध जानेवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झाला: 92 घरटी, 256 अंडी, सगळी टायटॅनोसॉरची. एका घरट्यात एकापासून वीसपर्यंत अंडी. प्रत्येक अंडं साधारण 15 ते 17 सेंटिमीटर व्यासाचं, म्हणजे सोललेल्या मोठ्या नारळाहून थोडं मोठं. कवचाच्या रचनेवरून सहा प्रकार वेगळे काढता आले. तेव्हा इथं अंडी घालायला येणारे टायटॅनोसॉर एकाच जातीचे नव्हते.

घरटी एकमेकांना इतकी लागून आहेत की अंडी घातल्यावर त्या अवाढव्य माद्यांना तिथं वावरायला जागाच उरली नसती. तेव्हा मगरीसारखी उथळ खड्ड्यात अंडी घालायची, माती लोटायची, पण राखण न करता निघून जायचं, असा त्यांचा रिवाज असावा. बरीच घरटी तळ्याच्या काठाशी आहेत. पाणी चढलं की अंडी बुडत, पिल्लू मरे आणि अंडं गाळात तसंच राही. आपल्यापर्यंत पोहोचली ती अशी न फुटलेली अंडी.

पाडल्याच्याच एका अंड्यात 2022 साली आणखी एक कवच सापडलं: अंड्यात अंडं. असं पक्ष्यांत होतं. कोंबडीच्या पोटात तयार झालेलं अंडं कधी उलटं मागं सरकतं आणि त्याच्याभोवती दुसरं अंडं बनतं. सरपटणाऱ्या प्राण्यांत हे कधी आढळलं नव्हतं. म्हणजे टायटॅनोसॉरची अंडी तयार होण्याची रीत कासवापेक्षा पक्ष्यांच्या जवळची असू शकते. चौथीतल्या मुलाला हे सगळं समजतं. त्यासाठी त्याला वजनाचे आणि लांबीचे आकडे लागत नाहीत; एक रेघ नीट पाहायला शिकवणारं कोणीतरी लागतं.

काकड भैरव

डिसेंबर 2023 मध्ये पाडल्याचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत आलं. शेत नांगरताना मिळालेले गोल दगड इथली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या ‘काकड भैरव’ म्हणून पूजत आली होती. काकड म्हणजे शेतशिवार. शिवाराची आणि गुराढोरांची राखण करणारा हा देव. त्याला नारळ चढवायचा, साकडं घालायचं. लखनौच्या बिरबल सहानी पुराविज्ञान संस्थेचे तज्ज्ञ आले आणि त्यांनी सांगितलं की यांतले काही दगड टायटॅनोसॉरची अंडी आहेत.

बातम्यांचा सूर गमतीचा होता. मला तो पटला नाही. ज्या दगडाला देव मानलं तो कोणी फोडला नाही, विकला नाही, घराच्या पायात घातला नाही. बाजूच्या गुजरातमध्ये बालासिनोरजवळ रहिओलीला सिमेंटच्या खाणीसाठी पाहणी करताना 1981 साली जीवाश्मांचा पत्ता लागला. तिथं आता संग्रहालय उभं आहे. पाडल्यात राखण झाली ती पूजेमुळे. मुलांच्या पुस्तकात ही गोष्ट यावी, आणि ती भोळेपणाची गोष्ट म्हणून न येता निरीक्षणाची गोष्ट म्हणून यावी. हजार गोट्यांमधून हा दगड वेगळा आहे हे कोणाच्यातरी नजरेनं पहिल्यांदा टिपलं होतं.

दुसरी तेवढीच महत्त्वाची नजर मास्तरांची आहे. वर उल्लेख आलेले विशाल वर्मा याच जिल्ह्यातल्या उच्च माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवतात. 2007 साली बाघ-कुक्षी भागातली शंभरावर अंडी त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी उजेडात आणली. पुढं 2011 साली बाघजवळ सुमारे 90 हेक्टरांचं डायनोसॉर जीवाश्म राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं, मांडवला जीवाश्मांचं छोटं संग्रहालयही झालं. शाळा सांभाळून रानात हिंडणारा शिक्षक आंतरराष्ट्रीय शोधनिबंधाचा सहलेखक होतो, हे धारच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवं. पुस्तकातला संशोधक रुंद काठाची टोपी घातलेला परदेशी माणूसच का असावा?

देवासची रीत

देवास म्हटलं की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. शाळांच्या इतिहासात देवासचं दुसरंही एक स्थान आहे. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या सोळा माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी विज्ञान शिकवण्याचा वेगळा कार्यक्रम सुरू केला. 1982 साली एकलव्य ही संस्था उभी राहिली आणि तिनं तो देवाससह अनेक जिल्ह्यांत नेला. ‘बाल वैज्ञानिक’ या त्याच्या पुस्तकांत उत्तरं छापलेली नसत. प्रयोग कर, मोज, रानात जा, लिही, मग वर्गात वाद घाल, असा सगळा मामला. मुलांनी प्रश्न विचारायचे ते ‘सवालीराम’ नावाच्या कल्पित माणसाला पत्र लिहून. त्या पत्रांना उत्तरं जात. 2002 साली सरकारनं हा कार्यक्रम बंद केला. ‘चकमक’ हे मुलांचं मासिक आणि ‘संदर्भ’ हे शिक्षकांसाठीचं नियतकालिक यांच्या रूपानं ती परंपरा उरली. पुण्याहून निघणारं मराठी ‘शैक्षणिक संदर्भ’ त्याच घराण्यातलं.

याच भागातले चित्रकार विष्णू चिंचाळकर, सगळ्यांचे गुरुजी. देवास संस्थानातल्या आलोटचा त्यांचा जन्म, कर्मभूमी इंदूर. वाळकी पानं, काटक्या, दगड यांच्यातले आकार ते मुलांना दाखवत. निसर्गातली वस्तू हातात घेऊन तिच्याकडे पुरेसा वेळ पाहत राहायचं, ही त्यांची शिकवण जीवाश्म पाहणाऱ्याला थेट उपयोगी पडते.

देवासमध्ये त्या कार्यक्रमात शिकवलेल्या एका निवृत्त शिक्षिकेला भेटलो. परिभ्रमणाला मुलांना बाहेर नेलं की सगळ्यात जास्त प्रश्न दगडांबद्दल यायचे, असं त्या म्हणाल्या. “पाठ्यपुस्तकात दगडांना एक पान. मुलांच्या खिशात मात्र दहा-बारा दगड!” त्या काळात बाघच्या थरांवर एखादी चांगली सचित्र पुस्तिका हाताशी असती तर काय झालं असतं, हा विचार मला त्यांच्या घरून निघाल्यावरही सोडेना.

पुस्तकं शिळी होतात

डायनोसॉरच्या पुस्तकांची एक अडचण अशी की विषय थांबत नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत 1854 साली हॉकिन्सनं इग्वॅनोडॉनचे पुतळे उभे केले तेव्हा त्याच्या नाकावर शिंग बसवलं. पुढं कळलं की ते शिंग नव्हे, हाताच्या अंगठ्याचं हाड. 1996 साली चीनमधल्या जीवाश्मावर पिसांच्या खुणा दिसल्या आणि डायनोसॉरचं चित्रच बदललं. आपल्या कितीतरी शालेय ग्रंथालयांत मात्र शेपटी जमिनीवरून फरफटत नेणारे, डबक्यात बुडालेले जुने डायनोसॉर अजून सुखानं राहतात.

आपल्याकडची दोन उदाहरणं मला यांहून मोलाची वाटतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा हे गाव. तिथं डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळते. डायनोसॉरच्या काळी गवत नव्हतं, असं तोवर मानलं जाई. 2005 साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या या विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाकण दाखवले. जगभरची पुस्तकं दुरुस्त करावी लागली, ती एका मराठी गावामुळे.

दुसरं नागपूरच्या संशोधकाचं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले धनंजय मोहबे यांना 1984 साली गुजरातमध्ये ढोली डुंगरी इथं एक घरटं मिळालं: अंडी आणि शेजारी नाजूक हाडं. ही हाडं पिल्लाची, असा समज होता. 2001 साली अमेरिकन संशोधक जेफ्री विल्सन यांनी तो नमुना पाहिला आणि त्यांना काही मणके सापाचे वाटले. बरीच वर्षं काम झालं आणि 2010 साली जाहीर झालं की घरट्यात सुमारे साडेतीन मीटरचा साप होता, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, बाहेर आलेल्या पिल्लाच्या शेजारी. ‘सनाजेह इंडिकस’ हे त्याचं नाव. जमिनीत मिळाल्यापासून पंचवीसहून अधिक वर्षांनी दगडातल्या सापाची ओळख पक्की झाली. मुलांना सांगायला याहून चांगली गोष्ट कुठली? तीत शास्त्रज्ञ चुकतात, पुन्हा पाहतात, दुसऱ्याला विचारतात.

इंग्रजीत यातलं काही आलं आहे. साहनींचं भारतीय डायनोसॉरवरचं पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टनं काढलं. वैशाली श्रॉफ यांच्या 2018 च्या पुस्तकात पद्मा नावाची मुलगी एका निळ्या डायनोसॉरबरोबर भारतातले डायनोसॉर शोधत फिरते. मी पाहिलेल्या मराठी पुस्तकांत राजासॉरस हा भारतीय डायनोसॉर एखाद्या चौकटीत भेटतो. बाघ, पाडल्या, पिसदुरा, ढोली डुंगरी मात्र भेटत नाहीत.

प्रकाशकांना आणि पालकांना

असं पुस्तक मराठीत करणं अवघड नाही. त्याला शंभर पानं नकोत, चाळीस पुरतील. महागडी आयात चित्रं नकोत. बाघच्या थरांचा एक उभा छेद, अंड्याच्या कवचाचं मोठं करून दाखवलेलं रेखाटन, आणि आपल्याच चित्रकारानं भूशास्त्रज्ञाला शेजारी बसवून काढलेली टायटॅनोसॉरची मादी. प्रत्येक माहितीपुढं ती कोणत्या साली कळली ते लिहावं, म्हणजे दहा वर्षांनी वाचणाऱ्या मुलाला काय बदललं ते तपासता येईल. शेवटची काही पानं कोरी ठेवावीत, मुलानं पाहिलेले दगड काढण्यासाठी. माहिती तपासायला भूशास्त्राचे प्राध्यापक आपल्याकडे आहेत. रेखाटनं काढणारे हातही आहेत. प्रकाशकानं एवढंच ठरवायचं आहे की पैसे आयात चित्रांवर न घालता इथल्या माणसांवर घालायचे.

आणि पालकांना एक विनंती. दिवाळीच्या सुटीत मांडव पाहायला जाणारी मराठी कुटुंबं पुष्कळ असतात. दिवस हाताशी असेल तर पुढं बाघपर्यंत जा. मुलांना लेणी दाखवा, त्याबरोबर लेण्यांचा दगड आणि त्याच्यावरचे थरही दाखवा. जीवाश्म दिसला तर वाकून पाहू द्या, फोटो काढू द्या, वहीत चित्र काढू द्या. उचलू मात्र देऊ नका. जीवाश्मांच्या रक्षणासाठीच्या स्वतंत्र कायद्याचा मसुदा 2022 सालीच प्रसिद्ध झाला आहे, पण जागेवरून हललेलं अंडं कोणत्या घरट्यातलं होतं हे कोणताही कायदा सांगू शकणार नाही. परत आल्यावर मुलानं विचारलेले प्रश्न एका कागदावर लिहून तुमच्या ओळखीच्या प्रकाशकाला पाठवा.